नदीकाठचे तटबंध : त्यांचा इतिहास व परिणाम
(संघाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



संघाच्या कार्यकारी मंडळाने यंदाच्या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली व विषयाची निवडही आमच्यावरच सोपविली. आम्ही अभियंते नव्हेत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि उभी हयात शाळेत भूगोल व गणित शिकविण्यात गेलेली. तेव्हा नद्यांसारख्या विषयावर आम्ही बोलावे याचे कोणास नवल वाटल्यास ते अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. आपल्या नियोजित विद्यार्थी वसतिगृहासाठी कृष्णाकाठची एक जागा अल्प मोलात मिळत आहे, हे सर्वांस विदित आहेच. जागा पुराच्या टापूत येते, अशी शंका मागील सभेत निघाली, तेव्हा एका तरुण सभासदाने असे उत्तर दिले की, आज ना उद्या नदीला काठाकाठाने भिंत होणारच आहे, मग पुराचे भय ते कसले? या उत्तरावर सभेत टाळ्या पडल्या. त्या टाळ्या ऐकून आम्ही घरी गेलो आणि पुस्तके काढून बसलो. नदीला भिंत घातल्यावर पुढे काय होते, याचा अनुभव जगाने दोनतीनशे वर्षे, आणि चीन देशाने तर दोन हजारांहून अधिक वर्षे घेतलेला आहे. तो आपल्यापुढे मांडावा, एवढाच आमचा हेतू.

प्रथम एक खुलासा. धरण आणि तटबंध या दोन गोष्टी भिन्न आहेत. धरण नदीला आडवे घालतात व पाणी अडवून साठवितात. तटबंध नदीला आडवा जात नाही, तो तिच्या सोबतीने काठाकाठाने चालतो. त्यात पाण्याचा एक थेंबही साठत नाही. पात्राबाहेर पसरू पाहणाऱ्या पाण्याला तो मज्जाव करतो, इतकेच. मग जे पाणी पसरावयाचे ते जाते कोठे? कोणत्याही तटबंधाविषयी विचारावयाचा पहिला प्रश्न हाच होय. पाणी नाहीसे होत नाही. ते अरुंद वाटेत उंच चढते, आणि खालच्या गावाकडे, समोरच्या काठाकडे किंवा पुढच्या पिढीकडे जाते.

दुसरी गोष्ट गाळाची. नदी नुसते पाणी वाहून नेत नाही, मातीही नेते. पूर शेतात पसरला की त्याचा वेग मंदावतो आणि माती खाली बसते. आपल्याकडील मळीच्या जमिनी अशाच झालेल्या आहेत, आणि त्यांची प्रतवारी आमच्यापेक्षा शेतकरी बंधूंनाच अधिक ठाऊक. तटबंध घातले की ही माती शेतात जाण्याचे थांबते. काही नद्यांच्या बाबतीत ती दोन तटांमध्येच बसू लागते. पात्र वर उचलले जाते, म्हणून तट उंच करावा लागतो. तट उंच केला की पात्र आणखी वर येते. चीनमधील पीत नदी, म्हणजे होआंग हो, हिचे पात्र या रीतीने सभोवारच्या मैदानाहून उंच झालेले आहे. कैफंग शहराजवळ ते शहराच्या भूमीच्या कित्येक मीटर वर आहे. नदी डोक्यावरून वाहते म्हणावी, अशी ही स्थिती! तट टिकला तोवर सर्व ठीक. १८५५ साली तो फुटला तेव्हा नदीने आपले मुख दक्षिणेकडून उत्तरेस, शेकडो मैल दूर नेले. १८८७ च्या पुरात लक्षावधी माणसे प्राणास मुकली. १९३८ च्या जूनमध्ये तर जपानी सैन्य थोपविण्यासाठी चिनी सरकारने स्वतःच तट फोडला. त्याही वेळी आपल्याच देशातील लक्षावधी शेतकरी बळी पडले. ते भगदाड बुजवून नदीस जुन्या वाटेवर आणण्यास १९४७ साल उजाडले.

आता अमेरिकेकडे वळू. मिसिसिपी नदीच्या मुखाजवळ १७१८ साली फ्रेंचांनी न्यू ऑर्लिन्स हे नगर वसविले. प्रारंभीचा तटबंध फार तर कमरेइतका उंच होता. पुढे ज्याची जमीन नदीला लागून असेल त्याने आपल्या हद्दीपुरता तट बांधावा, असा दंडक पडला. बांधणारे हात अर्थातच गुलामांचे. एकाने बांधला की शेजाऱ्यास बांधणे भाग पडे, कारण एकाने परतविलेले पाणी दुसऱ्याच्या अंगणात जाई. अशा रीतीने तट वरवर सरकत शेकडो मैल लांबला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चार्ल्स एलेट नावाच्या अभियंत्याने सरकारला इशारा दिला होता की, तटांनी पूर कमी होणार नाहीत, ते अधिक उंच होतील. पाण्यास बाजूच्या वाटा ठेवा व वरच्या अंगास जलाशय करा. परंतु १८६१ साली दुसऱ्या दोघा अधिकाऱ्यांचा मोठा ग्रंथ निघाला व त्याने तटांची बाजू घेतली. १८७९ मध्ये मिसिसिपी नदी आयोग स्थापन झाला आणि यथावकाश असे धोरण ठरले की, पूर आवरण्यास तटच घालावयाचे, केवळ तट, दुसरे काही नाही. नदीच्या बाजूच्या नैसर्गिक वाटाही बुजविण्यात आल्या. १९२६ सालच्या सरकारी अहवालात तर ही व्यवस्था आता विनाशकारी पुरांपासून खोऱ्याचे रक्षण करण्याइतकी पूर्ण झाली आहे, अशा आशयाची ग्वाही दिलेली होती.

त्यानंतरचे वर्ष १९२७. त्या वर्षीच्या २१ एप्रिलला माऊंड्स लँडिंग येथे तट फुटला, आणि पुढे अनेक ठिकाणी फुटत गेला. सुमारे २७ हजार चौरस मैल भूमी पाण्याखाली गेली. आपला सांगली जिल्हा साधारण साडेतीन हजार चौरस मैलांहून लहानच आहे. यावरून अंदाज करावा. सहा लाखांहून अधिक लोक निराश्रित झाले. मृतांचा सरकारी आकडा अडीचशेच्या आसपास आहे, पण तो पुष्कळांना खरा वाटत नाही, आणि आम्हांसही वाटत नाही. ज्या मजुरांची नावनिशी कोणत्याच वहीत नव्हती, ते मेल्यावर तरी कोणत्या वहीत येणार?

या पुरातील दोन प्रसंग विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ग्रीनव्हिल या गावी उरलेल्या तटाच्या अरुंद माथ्यावर हजारो कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष अडकून पडले. त्यांस बोटींतून सुरक्षित स्थळी नेणे शक्य होते. परंतु हे मजूर एकदा गेले की परत येणार नाहीत, कापूस वेचणार कोण, या भीतीने मळेवाल्यांनी त्यांस जाऊ दिले नाही. बंदुकधारी शिपायांच्या पहाऱ्यात त्यांच्याकडून तटाचे काम करून घेण्यात आले. दुसरा प्रसंग न्यू ऑर्लिन्सचा. शहर वाचावे म्हणून तेथील पेढीवाल्यांनी व धनिकांनी सरकारचे मन वळविले आणि २९ एप्रिल रोजी शहराच्या खालच्या अंगास कर्नार्व्हन येथे तटबंध सुरुंगांनी उडविण्यात आला. तेथे कोळी, फासेपारधी व लहान शेतकरी यांची वस्ती होती. सुमारे दहा हजार लोकांना घरे सोडावी लागली. नुकसानभरपाई देऊ असे वचन होते, ती पुष्कळांना मिळाली नाही, ज्यांना मिळाली त्यांना अत्यल्प मिळाली. आणि यातील क्रूर भाग असा की, वरच्या बाजूस आधीच तट फुटत असल्याने शहरावरील संकट आपोआप टळणार होते. हा खटाटोप अनावश्यक होता, असे मागाहून दिसून आले.

तटबंध फुटतो तेव्हा तो कोठे फुटावा हे पुष्कळदा नदी ठरवीत नाही, माणसे ठरवितात. ज्यांचा आवाज लहान, त्यांच्या दाराशी तो फुटतो.

अमेरिकनांनी या घटनेपासून काही बोध घेतला, हे मान्य केले पाहिजे. १९२८ साली कायदा होऊन केवळ तटांचे धोरण सोडण्यात आले. पाण्यास बाजूला काढून देण्याच्या वाटा ठरविण्यात आल्या. त्यांपैकी बॉनी कॅरे येथील सांडवा १९३१ पर्यंत तयार झाला. काही ठिकाणी जमिनीवर पाणी सोडण्याचा हक्क सरकारने मालकांस पैसे देऊन आगाऊ घेऊन ठेवला. २०११ च्या मे महिन्यात बर्ड्स पॉइंट येथील तट असाच उडविण्यात आला व सुमारे १ लक्ष ३० हजार एकर शेती पाण्याखाली गेली. त्या वेळी कोणी अनभिज्ञ नव्हते. परंतु तेथेही पिनहूक नावाची कृष्णवर्णीयांची एक लहानशी वस्ती कायमची उठली, हे विसरता येत नाही. न्यू ऑर्लिन्सचे पुढे काय झाले? २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळाच्या वेळी तेथील भिंती व तट ठिकठिकाणी फुटले आणि शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग जलमय झाला. तटांनी गाळ अडला, पंपांनी पाणी उपसले, त्यामुळे शहराची जमीन शतकभरात हळूहळू खचत समुद्रसपाटीखाली गेली होती. नदीमुखाकडील दलदलीची भूमी, जी वादळाचा जोर मोडीत असे, तीही गाळाअभावी समुद्राने गिळीत आणली होती.

हा झाला परदेशाचा इतिहास. आता आपल्याच देशातील कोसी नदीचा वृत्तांत ऐकावा. आम्ही वर्गात शिकवीत असताना पुस्तकात ‘बिहारचे अश्रू’ असे तिचे वर्णन येई व मुले ते घोकीत. ते अश्रू नेमके कोणाचे, आणि कशामुळे, हे पुस्तकात नसे.

कोसी हिमालयात उगम पावते. सात प्रवाह मिळून ती होते, म्हणून नेपाळात तिला सप्तकोशी म्हणतात. डोंगरातून मैदानात उतरताना ती प्रतिवर्षी कोट्यवधी टन माती आणते. मैदानात उतार नाही, तेव्हा माती तेथेच टाकते, आणि आपलेच पात्र भरले की शेजारचे पात्र धरते. गेल्या सुमारे अडीचशे वर्षांत ती पूर्वेकडून पश्चिमेकडे शंभर किलोमीटरांहून अधिक सरकली. तेथील लोकांनी तिच्याशी जमवून घेतले होते. पाणी येई, पसरे, काही दिवसांत उतरे व मागे नवी माती ठेवून जाई. फार मोठा पूर आला म्हणजे हानी होई, हेही खरेच. त्या काळात सारे आनंदीआनंद होते, असे सांगणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे.

इंग्रज अधिकाऱ्यांना या नदीचे तटबंध घालण्याचा धीर झाला नाही. बंगालमधील दामोदर नदीचा अनुभव त्यांच्या गाठी होता. तेथे जमीनदारांचे जुने बांध सरकारने हाती घेतले, ते वारंवार फुटू लागले, तेव्हा १८५५ नंतरच्या काही वर्षांत उजव्या काठाचे बरेच बांध सरकारनेच पाडून टाकले. डाव्या काठाचे मात्र राखले, कारण त्या बाजूस वर्धमान शहर, हमरस्ता आणि नवा लोहमार्ग होता. उजव्या काठच्या खेड्यांचे काय झाले असेल, ते सांगणे न लगे. १९३७ च्या नोव्हेंबरात पाटण्यास पुराविषयी एक परिषद भरली. तीत बिहारचे मुख्य अभियंते कॅप्टन हॉल यांनी तटबंधांविरुद्ध स्पष्ट मत दिले. पुढे १९४७ मध्ये नेपाळातील बराहक्षेत्र येथे उंच धरण बांधण्याची कल्पना निघाली, परंतु खर्च अफाट होता.

मग १९५३ चा पूर आला. स्वातंत्र्य नवे होते. लोक वाट पाहत होते. सरकारला काहीतरी करून दाखविणे आवश्यक होते. १९५४ साली कंवर सेन आणि के. एल. राव या दोन नामांकित अभियंत्यांना चीनमध्ये पाठविण्यात आले. त्यांनी पीत नदीचे तट पाहिले व कोसीलाही तसे तट घालण्यास हरकत नाही, असा अभिप्राय दिला. ज्या नदीचे पात्र तटांमुळे मैदानाच्या वर चढले, तिचाच दाखला अनुकूल म्हणून घेतला गेला, हे आम्हांस आजही उमगत नाही. नेपाळशी २५ एप्रिल १९५४ रोजी करार झाला. १९५५ च्या जानेवारीत काम सुरू झाले. भारत सेवक समाजाच्या हाकेसरशी गावोगावचे लोक टोपल्या घेऊन श्रमदानास धावले. त्यांच्या श्रद्धेविषयी आमच्या मनात आदरच आहे. १९६० नंतरच्या दोनतीन वर्षांत भीमनगरजवळचा बंधाराही पुरा झाला. सुमारे २ लक्ष १४ हजार हेक्टर जमिनीचे रक्षण होईल, असे आश्वासन होते.

परंतु दोन तटांच्या मध्ये काय होते? तेथे ओसाड वाळू नव्हती. तीनशेहून अधिक गावे होती! तटाची रेषा आखली जाताना प्रत्येक गावाची धडपड अशी की, आपण बाहेर राहावे, रेषा पलीकडून जावी. ज्यांचे वजन होते त्यांच्यासाठी रेषा वळली, असे तेथील लोक सांगत आले आहेत. जी गावे आत राहिली, त्यांस घरासाठी बाहेर जागा देऊ असे सांगण्यात आले. काहींना ती मिळाली. पण शेत मात्र आतच राहिले. घर बाहेर आणि शेत आत, मध्ये नदीच्या अनेक धारा. बैल, नांगर, बियाणे नावेतून न्यावयाचे. शिवाय बाहेरच्या या जागाही लवकरच पाणथळ झाल्या. तेव्हा पुष्कळ लोक मुकाट्याने आपल्या जुन्या गावी परतले आणि आजही लक्षावधी लोक दोन तटांच्या मध्ये राहतात. पूर येतो तेव्हा त्यांना बातमीत जागा नसते, कारण सरकारी हिशेबाने तो पूर नव्हेच. नदी आपल्या हद्दीत वाहते आहे, हद्द ओलांडून राहिले आहेत ते लोक! त्यांच्यासाठी १९८७ मध्ये एक प्राधिकरण स्थापन झाले. कागदावर त्याची कामे चांगली होती.

बाहेर राहिलेल्यांस सुख लाभले काय? काही वर्षे लाभले. ज्यांच्या शेतात पूर्वी दरसाल पाणी शिरे, त्यांनी निर्धास्तपणे भात लावला, पक्की घरे बांधली. हा लाभ नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण आकाशातून पडणारा पाऊस तटाच्या बाहेरही पडतोच. लहान नद्या, ओढे-नाले पूर्वी कोसीला जाऊन मिळत, त्यांची वाट तटाने अडविली. वाटेत दारे ठेवली होती, ती गाळाने बुजली. आणि नदी चढलेली असताना दार उघडले तर नदीच आत येणार. पाणी तटाच्या पायथ्याशी महिनोन् महिने साचून राहू लागले. तटातून पाझर सुरू झाला. जेथे पूर चार दिवसांचा होता, तेथे तळे बारमाही झाले. संरक्षित म्हणून गणलेल्या जमिनीचा मोठा भाग अशा रीतीने पिकाखालून गेला. दिनेशकुमार मिश्र या अभियंत्यांनी खेडोपाडी हिंडून या साऱ्याची नोंद केली आहे. इंजिनियर होऊन इंजिनियरांच्या कामावर लिहिणे हे सोपे नव्हे.

आणि तट फुटावयाचे थांबले नाहीत. १९६३ पासून ते वारंवार फुटले. १९८४ च्या सप्टेंबरात नवहट्टा येथे फुटले तेव्हा लाखो लोक तटावरच पाले ठोकून राहिले. त्याहून मोठा घात १८ ऑगस्ट २००८ रोजी झाला. नेपाळच्या हद्दीत कुसहा येथे पूर्वेकडील तट फुटला. हा तट साडेनऊ लक्ष क्युसेक पाणी सोसेल, अशा हिशेबाने बांधलेला होता. त्या दिवशी नदीत दीड लक्ष क्युसेकही पाणी नव्हते. विद्यार्थी असते तर आम्ही फळ्यावर भागाकार करून दाखविला असता. सहाव्या हिश्शाहूनही कमी! म्हणजे पूर असा नव्हताच. पात्र गाळाने वर आलेले, तटाच्या पायथ्याची डागडुजी वेळेवर झालेली नाही, नदी तटाला खेटून वाहू लागलेली, तेवढे पुरले. नदीने पूर्वेकडची जुनी वाट धरली. सुपौल, मधेपुरा, अररिया या भागांत कोणी पुराची कल्पनाही केलेली नव्हती; तेथे नावा नव्हत्या, उंच जोती नव्हती, पोहणारे लोकही उरले नव्हते. तीस लाखांहून अधिक लोकांना त्याची झळ पोहोचली.

आमच्या मते तटबंधाचा सर्वांत खोल परिणाम हा होय. पाण्याची सवय मोडते. आजा नाव वल्हवी, बाप पोहे, नातवास दोन्ही येत नाही. आणि पाणी नातवाच्या वाट्यास येते.

सबंध बिहारचे आकडे पाहिले तरी हेच दिसते. १९५४ च्या सुमारास त्या राज्यात तटबंध होते सुमारे १६० किलोमीटर, आणि पुराचा धोका असलेली जमीन होती २५ लक्ष हेक्टर. चाळीस वर्षांनी तटबंध झाले साडेतीन हजार किलोमीटरांच्या घरात, आणि पुराच्या धोक्याची जमीन झाली ६८ लक्ष हेक्टरांहून अधिक. ही सारी वाढ एकट्या तटांनी केली असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. रस्ते, लोहमार्ग, मोऱ्या न ठेवता घातलेले भराव यांचाही त्यात वाटा आहे. परंतु औषध वाढत गेले आणि रोगही वाढत गेला, एवढे तरी कबूल करावे लागेल. २०२४ च्या सप्टेंबर अखेरीस कोसीत सहा लाखांहून अधिक क्युसेक पाणी आले. पाच दशकांत इतके आलेले नव्हते. दरभंगा जिल्ह्यात पश्चिमेचा तट फुटला.

येथे कोणी म्हणेल, गुरुजी, कोसी कोठे आणि आपली कृष्णा कोठे? शंका रास्त आहे. कृष्णा कोसीइतका गाळ आणीत नाही, ती आपले पात्रही सोडीत नाही. तेव्हा कोसीचे सर्व दोष कृष्णेस चिकटविण्याचा आमचा विचार नाही. परंतु दोन गोष्टी येथेही तशाच लागू पडतात. एक, भिंत एका काठास घातली की समोरच्या काठाचे काय? सांगलीस भिंत झाली तर सांगलीवाडीने काय करावे? दोन्ही काठांस घातली तर वाढलेली उंची खाली हरिपुराकडे, वारणेच्या संगमाकडे जाईल. वारणेचे पाणी त्याच वेळी खाली येत असते. कृष्णा उंच असली म्हणजे ते मागे तुंबते. पुढे नरसोबावाडीस पंचगंगा मिळते, तेथेही तोच प्रकार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी तेथे ४५ फूट आहे. या पाण्यास भिंतींमध्ये कोंडले असते तर ते किती फुटांवर गेले असते, याचे गणित कोणी मांडले असल्यास ते आधी जनतेपुढे ठेवावे.

दुसरी गोष्ट आमच्या डोळ्यांदेखतची. २००५ च्या पुरात आम्ही ज्या शाळेत नोकरीस होतो, तेथे पाणी समोरून, नदीकडून आले नाही. ते मागच्या ओढ्याने आले. बाके वर्गात तरंगू लागली, तरी नदीकडील दरवाजा कोरडा होता. नदी चढली की ओढ्यांचे पाणी तिच्यात जात नाही, उलट नदीच ओढ्यांतून गावात शिरते. भिंत घातली तर ओढ्यांच्या तोंडास दारे बसवावी लागतील. दारे बंद ठेवली तर गावात पडलेला पाऊस गावातच साचणार. पंप लावावे लागतील, आणि पुराच्या रात्री वीज राहते की नाही हे सर्वांस ठाऊक आहे. ओढेच बुजवून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या आहेत, हे २०१९ नंतरच्या वडनेरे समितीपुढेही आलेच होते. अलमट्टीचा वाद निराळा. तो आज येथे उकरण्याचे कारण नाही.

याचा अर्थ भिंत कोठेच नको, असा आमचा आग्रह नव्हे. दाट वस्ती, रुग्णालय, पाण्याचे केंद्र, यांस भिंतीने राखणे योग्य असू शकते. मात्र तिने परतविलेले पाणी कोणाच्या शेतात जाणार हे आधी ठरवून, त्या शेतकऱ्यास विचारून व त्याचे मोल चुकवून. नेदरलँड्स हा देश तटांच्या विद्येत जगाचा गुरू. १९९५ साली तेथे नद्या इतक्या चढल्या की अडीच लाख लोकांना घरे सोडून हलवावे लागले. त्यानंतर त्यांनी तट उंच करीत जाण्याऐवजी तीसहून अधिक ठिकाणी नदीस जागा मोकळी करून देण्याचे काम हाती घेतले. कोठे तट मागे सरकविले, कोठे शेतात पाणी येऊ देण्याचे ठरविले. ओव्हरडीप नावाच्या खोलगट भागातील शेतकऱ्यांनी स्वतःच योजना सुचविली, आणि आपली घरे व गोठे मातीच्या उंचवट्यांवर नेले. अर्थात तो देश धनवान आहे. आपल्या मळीच्या जमिनींवर उंच जोती बांधणे मात्र फारसे धनवंताचे काम नव्हे. आपले वाडवडील ते करीतच असत. नरसोबावाडीस तर पुराचे पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणद्वारातून बाहेर पडते तेव्हा लोक स्नानास जमतात, आणि उत्सवमूर्ती वरच्या मठात हलविलेली असते. देवाने जागा बदलली, नदीला बदलावयास सांगितले नाही.

आता वसतिगृहाविषयी. सरकारच्या पाटबंधारे खात्याने नदीकाठी दोन रेषा मानल्या आहेत. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ एकदा आला की पुढची नव्व्याण्णव वर्षे स्वस्थ झोपावे, असा नव्हे. दरवर्षी शंभरात एक अशी ती शक्यता आहे, आणि ती प्रत्येक वर्षी नव्याने मोजावयाची. २००५, २०१९, २०२१ ही साले पाहिली म्हणजे हे समजावून सांगण्याची गरज उरत नाही. नव्या इमारतींस निळ्या रेषेच्या आत मनाई आहे. लाल आणि निळी यांच्या मधल्या पट्ट्यात काही अटींवर मुभा मिळते. आपणांस मिळू घातलेली जागा या रेषांच्या कोठे आहे, हे मागील सभेत कोणीही सांगितले नाही. ती स्वस्त का आहे, हेही कोणी विचारले नाही.

त्या वसतिगृहात राहावयास येणार आहेत ती खेड्यापाड्यांतील आपल्याच गरीब ज्ञातिबांधवांची चौदा-पंधरा वर्षांची मुले. त्यांचे आईबाप ती आपल्या स्वाधीन करणार. जुलै-ऑगस्टात शाळा भर रंगात असते आणि पूरही त्याच महिन्यांत येतो. अजून न बांधलेल्या, ज्याचा आराखडाही आपण पाहिलेला नाही अशा भिंतीच्या भरवशावर त्यांना तेथे झोपवावयाचे काय? काही सभासद म्हणतील, गुरुजींनी उगाच भय घातले, दुसरीकडे जागा घ्यावयाची तर दुप्पट रक्कम कोठून आणणार? अडचण खरी आहे. दोन मजली ऐवजी एकमजली इमारत होईल, पन्नास मुलांऐवजी तीस राहतील, आणि देणगीसाठी पुन्हा एकदा घरोघर जावे लागेल. या कामी आमची पावले अद्याप चालतात. आमचे नाव पहिल्या तुकडीत घालावे.

आमची कार्यकारी मंडळास विनंती इतकीच की, व्यवहाराच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्या गट नंबरासह पूररेषेचा अधिकृत नकाशा पाटबंधारे खात्याकडून मागवावा, २०१९ साली तेथे पाणी कोठवर चढले होते ते शेजारच्या शेतकऱ्यांस प्रत्यक्ष जाऊन विचारावे, आणि दोन्ही गोष्टी पुढील सर्वसाधारण सभेपुढे ठेवाव्यात.